आई-वडिलांसाठी घरी मदतीचा माणूस कधी ठेवावा? बेळगाव सीमाभागातील कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून आणि इथून पुणे, मुंबई, गोवा किंवा बंगळूरला स्थायिक झालेल्या मुला-मुलींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न "माणूस ठेवू की नको?" असाच असतो. आमच्या मते तो थोडा बाजूला ठेवून आधी "कोणत्या कामासाठी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी?" हे ठरवावे, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिला प्रश्न बहुधा आपोआप सुटतो. इथली माहिती डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

१. आईला यंदा अठ्ठ्याहत्तर पूर्ण होतील. या वयात घरी कुणी ठेवायलाच हवे का?

वयावरून काहीच ठरत नाही. येळ्ळूरच्या शिवारात ऐंशीच्या पुढचे शेतकरी अजूनही सकाळी बांधावर फेरी मारतात आणि साठीतल्या एखाद्याला पक्षाघातानंतर चहाचा कप उचलता येत नाही. पाहायची ती कामे. डॉक्टर आणि परिचारिका सहा मूलभूत कामांची विचारपूस करतात: अंघोळ, कपडे घालणे, संडासला जाऊन येणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, लघवी-शौचावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांपैकी एका कामाला जरी रोज दुसऱ्याचा हात लागत असेल, तरी मदतीची वेळ आली आहे असे समजावे. सहसा अंघोळ सर्वांत आधी जड जाऊ लागते आणि जेवण सर्वांत शेवटी.

मात्र या सहा कामांच्याही आधी दुसरी काही कामे ढासळतात: औषधे वेळेवर घेणे, पैशांचा हिशेब, स्वयंपाक, बाजारहाट, फोन लावणे, एकट्याने बसने जाणे. त्यांच्यासाठी पूर्णवेळ माणूस लागत नाही. सकाळचे दोन-तीन तास येणारी बाई, घरपोच किराणा आणि एक विश्वासू शेजारी एवढ्यावर बरीच वर्षे निभावते.

२. फोनवर "मी बरी आहे, तुम्ही काळजी करू नका" एवढेच ऐकायला मिळते. खरी परिस्थिती कशी कळणार?

गणपतीत किंवा दिवाळीत येऊन ती कळत नाही. सणाला घर भरलेले असते, कामे वाटली जातात आणि म्हातारे माणूसही चार दिवस उसने बळ आणते. एखाद्या साध्या आठवड्यात, मधल्या वारी येऊन दोन रात्री राहावे, आणि चौकशी करण्यापेक्षा पाहावे.

औषधांच्या पट्ट्या मोजा. महिन्याच्या वीस तारखेला पट्टीत पंचवीस गोळ्या शिल्लक असतील किंवा एकही नसेल, तर दोन्ही वाईटच. गॅस सिलिंडर कधी बदलला ते पाहा. दोन महिने पुरणारा सिलिंडर चार महिने पुरू लागला असेल, तर ती काटकसर नसून स्वयंपाक थांबल्याची खूण असते, आणि आई चहा-बिस्किटांवर दिवस काढत असते. हेस्कॉमचे वीजबिल थकले आहे का, एकच बिल दोनदा भरले आहे का? पातेल्यांचे बूड करपलेले आहे का? जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईने अचानक गाऊन घालायला सुरुवात केली असेल, तर बोलण्याच्या ओघात कारण विचारा. पुष्कळदा कासोटा घालायला हात मागे जात नाही किंवा संडासला पोहोचेपर्यंत तो सोडवणे जमत नाही, हे खरे कारण असते, पण ते कोणी मुलाला फोनवर सांगत नाही. ब्लाऊज सैल झाले आहेत का तेही पाहा. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्के किंवा अधिक घट झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

रात्री ती किती वेळा उठते आणि उठताना कशाचा आधार घेते, ते आवाजावरूनही कळते. शेवटी गल्लीत विचारा. संध्याकाळी देवळात हरिपाठाला न चुकता येणारे बाबा गेले दोन महिने दिसले नाहीत, हे टाळ घेऊन शेजारी बसणाऱ्याला माहीत असते. ऐकू येत नाही, पायऱ्या चढवत नाहीत, रात्री रस्ता दिसत नाही की मनच लागत नाही, यांपैकी नेमके काय झाले हे त्यानंतर शोधता येते.

३. बाबा हल्ली विसरतात. हे वयाचे आहे की आजार? आणि लगेच माणूस ठेवावा का?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हे न उमगणे वेगळे. नाव आठवायला वेळ लागणे वयानुसार चालते; रोजच्या वाटेवर घर न सापडणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणे, हिशेबात पक्का असलेल्या माणसाने सुट्ट्या पैशांत गोंधळणे, यांसाठी तपासणी हवी.

माणूस ठेवण्याआधी तपासणी करा असे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण विसरण्याची काही कारणे उपचारांनी बरीचशी सुधारतात: बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, न ऐकू येणे, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्यांचा परिणाम. आणि बदल जर काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत झाला असेल, म्हणजे कालपर्यंत ठीक असलेले बाबा आज असंबद्ध बोलत असतील किंवा दिवसभर झापडीत असतील, तर ते विसरभोळेपणात मोडत नाही. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर उतरणे, नवे औषध अशी कारणे मागे असू शकतात आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. तोंड वाकडे होणे, एका हातातली ताकद जाणे, बोबडे बोलणे ही पक्षाघाताची लक्षणे दिसली, तर १०८ ला फोन करा आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

४. आई न्हाणीत एकदा पडली. आता चोवीस तास कुणीतरी हवे का?

एका पडण्यावरून चोवीस तासांची बाई ठेवणे ही घाई आहे, आणि "पाय घसरला, एवढंच" म्हणून सोडून देणे त्याहून वाईट. आधी का पडली ते शोधा. एक सोपी चाचणी घरी करता येते: आईला खुर्चीतून उठून ३ मीटर चालायला, वळून परत येऊन बसायला सांगा आणि वेळ मोजा. नेहमीच्या चालीने १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पुन्हा पडण्याचा धोका आहे असे मानतात. झोपलेल्या स्थितीत आणि उठून उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवे. मोतीबिंदू पिकला आहे का, तेही पाहून घ्या.

मग घर. आपल्याकडच्या जुन्या घरांत न्हाणी एक-दोन पायऱ्या खाली, फरशी गुळगुळीत, कोपऱ्यात बंब आणि संडास परसदारी, अशी रचना असते, आणि पावसाळ्यात परसातल्या दगडावर शेवाळ धरते. रात्री दोनदा परसात जाणाऱ्या माणसाला दिवसा बाई ठेवून काय उपयोग? खाटेजवळ कमोडची खुर्ची, वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा, न्हाणीत बसायला उंच स्टूल आणि भिंतीत पक्का बसवलेला गज, एवढे केले तर पडण्याचा बराचसा धोका पहिल्या पगाराच्या आत कमी होतो. टॉवेल अडकवायच्या दांडीला गज समजू नये. वजन पडले की ती भिंतीतून निघते. हे सगळे करूनही आई पुन्हा पडली, किंवा पडल्यावर स्वतः उठू शकली नाही, तर सोबत लागेल; ती किती तास, ते पुढच्या प्रश्नात पाहा.

५. किती तासांची मदत घ्यावी हे कसे ठरवायचे?

आठवडाभर एका वहीत लिहा: कोणत्या वेळी कोणत्या कामाला कुणाचा हात लागला. आठवड्याने वही उघडली की अडचणी दोन-तीन वेळांभोवती गोळा झालेल्या दिसतात. बहुतेक घरांत सकाळी ६ ते १० हा काळ सर्वांत कठीण असतो, कारण उठणे, संडास, अंघोळ, नाश्ता आणि औषधे सगळे त्यातच येते. अशा घराला सकाळच्या चार तासांची बाई पुरते. अडचण रात्रीची असेल, तर दिवसाची माणसे वाढवून ती सुटत नाही.

मुक्कामी माणूस तीन परिस्थितींत ठेवावा असे आमचे मत आहे: एकट्याने उठता न येणे, घराबाहेर भरकटणे, किंवा संकटात फोन लावता न येणे. आणि मुक्कामी म्हणजे चोवीस तास जागा असे नव्हे. रात्री तीनदा उठवले जाणारे माणूस दिवसा काम करू शकत नाही; तशी गरज असेल तर दोन माणसे लागतात, हे खर्च मांडतानाच धरून चालावे.

६. कामवाली, सोबतीची मावशी आणि नर्स यांत फरक काय? कुणाला बोलवायचे?

कामवाली भांडी, केर, स्वयंपाक करते आणि म्हाताऱ्या माणसाला हात लावणे तिच्या कामात धरलेले नसते. आधी न सांगता ते तिच्यावर ढकलले की ती आठवड्यात सोडून जाते आणि दोष तिला लागतो. सोबतीची मावशी किंवा पुरुष मदतनीस अंघोळ, कपडे, चालवणे, भरवणे हे करतो. इंजेक्शन, लघवीची नळी, नाकातली नळी, खोल जखमेचे ड्रेसिंग ही कामे प्रशिक्षित नर्सचीच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणे मात्र मावशीला शिकवता येते आणि शिकवलेच पाहिजे. पहिला आठवडा घरच्या कुणीतरी बरोबर राहावे. आधार कार्ड पाहून घ्यावे, आधीच्या घराला फोन करावा, पोलीस ठाण्यातून पडताळणी करून घ्यावी. आठवड्याची सुट्टी आधीच ठरवावी आणि त्या दिवशी कोण येणार तेही.

कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसचा प्रवास मोफत आहे. त्यामुळे चार-सहा गावे पलीकडून रोज येणारी बाई आता परवडू शकते; फक्त तिच्या गावच्या बसच्या वेळा पाहून कामाची वेळ ठरवावी.

७. मिळालेली बाई कन्नड बोलते आणि आईला मराठीशिवाय येत नाही. चालेल का?

बेळगाव शहरात दोन्ही भाषा बोलणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, तेव्हा हा प्रश्न जास्त करून बैलहोंगल-सौंदत्तीकडून येणाऱ्या मुक्कामी बायकांबाबत पडतो. आईचे डोके शाबूत असेल, तर महिन्याभरात दोघी आपापली वाट काढतात. पाणी, दुखणे, चक्कर, संडास, थंडी अशा वीस-पंचवीस शब्दांचा कागद दोन्ही लिप्यांत लिहून भिंतीवर लावला की सुरुवात सोपी होते. स्मृतिभ्रंश असेल, तर मात्र मराठी येणाऱ्या बाईचा आग्रह धरा. त्या आजारात मागाहून शिकलेली भाषा आधी मागे पडते आणि लहानपणची उरते. पूर्वी बाजारात सफाईने कन्नड बोलणाऱ्या आजीलाही ती परकी वाटू लागते, मग ती बिथरते, आणि घरचे म्हणतात की बाई तिला ओरडली असणार.

"आमच्या स्वयंपाकघरात कुणीही चालणार नाही" ही अटही अनेकजण घालतात. तसे असेल तर डबा बाहेरून घ्या आणि बाईला बाकीची कामे द्या. पण ज्या हाताचे पाणी चालत नाही त्याच हाताने अंघोळ घालून घ्यायची, यातली विसंगती घरात एकदा मोकळेपणाने बोलून घ्यावी.

८. बाबा साफ नाही म्हणतात. "मी काय अंथरुणाला खिळलोय?" असे विचारतात. काय करावे?

त्यांचे डोके ठिकाणावर असेल, तर शेवटचा शब्द त्यांचा. धोका पत्करण्याचा हक्क म्हाताऱ्या माणसालाही असतो. त्यांना नेमके काय नको आहे ते विचारा. कधी परकी बाई अंघोळ घालणार याची लाज असते आणि पुरुष मदतनीस म्हटले की विरोध मावळतो. कधी मुलाच्या पैशाची चिंता असते. कधी गल्लीत "पोरांनी टाकलं" असे म्हणतील ही भीती असते. सुरुवात त्यांच्यासाठी म्हणून न करता घरासाठी करावी: पोती उचलायला, बागेला पाणी घालायला, बाजार आणायला माणूस. तो रुळला की एक दिवस त्याचाच खांदा धरून बाबा पायऱ्या उतरतात. मुलगी सांगते ते पटत नाही आणि डॉक्टर किंवा सैन्यातला जुना सोबती तेच सांगतो ते पटते, असेही होते. मग त्यांनाच सांगू द्यावे.

निर्णयक्षमताच गेली असेल, तर हे उत्तर लागू पडत नाही. तेव्हा सुरक्षितता आधी. प्रश्न ३ आणि ११ पाहा.

९. घरात सून आहे. मग बाहेरचे माणूस कशाला?

हा प्रश्न बहुधा मुलगा विचारतो. सून विचारत नाही. मदतीची गरज आई-वडिलांच्या तब्येतीइतकीच करणाऱ्या माणसाच्या तब्येतीवरूनही ठरते. तिची झोप सलग होते का, तिचे स्वतःचे दुखणे दाखवायला वेळ मिळतो का, गेल्या महिन्यात ती माहेरी किंवा लग्नकार्याला जाऊ शकली का? तीनही उत्तरे "नाही" असतील, तर त्या घरात मदत आधीच हवी होती. वृद्ध जोडप्यात एकच दुसऱ्याचे करत असेल तिथेही हेच: सत्तरीची आई पंचाहत्तरीच्या बाबांना रोज उचलते, म्हणून बाबा "ठीक" दिसतात. ती एकदा आजारी पडली की दोघेही त्याच दिवशी परावलंबी होतात.

१०. खर्चासाठी सरकारी मदत मिळते का?

घरी ठेवलेल्या माणसाचा पगार देणारी सर्वांसाठीची योजना नाही, हे आधी लक्षात घ्यावे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, आणि केंद्राने २०२४ मध्ये ७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आयुष्मानचे ५ लाखांचे संरक्षण जाहीर केले. दोन्ही रुग्णालयातील उपचारांसाठी आहेत. कर्नाटकाची संध्या सुरक्षा योजना उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना मासिक निवृत्तिवेतन देते. चौकशी नाड कचेरीत करावी.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने इथे गल्लीगणिक माजी सैनिक आहेत, म्हणून एक सांगतो. सैन्याच्या आणि केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनाच्या २० टक्के आणि ८५ नंतर ३० टक्के अतिरिक्त रक्कम मिळते. ती खात्यात जमा होते का ते तपासा, कारण जन्मतारखेच्या नोंदीतील चुकीने ती अडकू शकते. मदतीच्या माणसावर खर्च करायला याहून योग्य पैसा नाही. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ मोफत आहे.

११. भाऊ गावात राहतो, मी पुण्यात. पैसे, सह्या आणि घराचा विषय कसा सोडवावा?

जो जवळ राहतो तो वेळ देतो, दूरच्याने पैशांचा मोठा वाटा उचलावा, ही आम्हाला न्याय्य वाटणारी विभागणी आहे. पण ती बोलून, शक्यतो लिहून ठरवावी. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांवरही जबाबदारी आहे. पालक जिथे राहतात किंवा मुले जिथे राहतात, अशा कोणत्याही जिल्ह्यात अर्ज करता येतो, म्हणून मुलगा कोल्हापुरात असला तरी आईला बेळगावात प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात दाद मागता येते. "जो सांभाळेल त्याच्या नावावर घर" असे ठरत असेल, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्या. कलम २३ नुसार ती अट मोडली तर हस्तांतर रद्द ठरवता येते; अट लिहिलेली नसेल तर वाद लांबतो.

एकदा मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) केले की पुढे काहीही झाले तरी ते चालते, असा एक गैरसमज पक्का बसला आहे. प्रत्यक्षात आईची निर्णयक्षमता गेली की साधे मुखत्यारपत्र चालत नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी ते निकामी होते. म्हणून संयुक्त खाते, वारसनोंद, मृत्युपत्र ही कामे शुद्धीत आणि स्वखुशीने असतानाच उरकावीत. केवळ हात थरथरत असल्याने सही जुळत नसेल, तर बँकेत साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, आणि सत्तरीवरील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेची २०१७ ची सूचना आहे.

१२. आमचे गाव जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आहे. पावसाळ्यात कुणी यायलाच तयार नसते. काय करावे?

तिथे तासांवर येणारी बाई मिळणे खरेच कठीण. गावातलीच एखादी गरजू बाई किंवा भावकीतले माणूस ठरलेल्या पगारावर ठेवणे हाच टिकणारा मार्ग. नात्यातले म्हणून फुकट करून घेऊ नये, कारण फुकटच्या माणसाला "उद्या येऊ नकोस" म्हणता येत नाही. मृगापूर्वी दोन महिन्यांची औषधे, चार्ज होणारा दिवा आणि साखर मोजायचे यंत्र घरात आणून ठेवा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना जेवण कमी झाले, तर साखर एकाएकी उतरते. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. एवढे शेजारच्या एका घरालाही शिकवून ठेवा. काही कुटुंबे पावसाचे चार महिने आई-वडिलांना बेळगावात आणतात. स्मृतिभ्रंश नसेल तर ते चांगले. असेल तर नव्या घरात गोंधळ वाढतो, तेव्हा दरवर्षी तेच घर, तीच खोली ठेवावी.

१३. ऑपरेशननंतर ठेवलेली बाई आता बंद करता येईल का?

येईल, आणि करावी. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत लागणारी मदत कायमची समजू नये. बाईने सगळेच हातात द्यायला सुरुवात केली की चालू शकणारे माणूसही खाटेवर बसून राहते. तास हळूहळू कमी करा आणि प्रत्येक वेळी प्रश्न ५ मधील वही पुन्हा आठवडाभर लिहा. अंघोळीची मदत शेवटी काढा.

१४. घरी दोन माणसे ठेवूनही भागत नाही. वृद्धाश्रमाचा विचार करणे चूक आहे का?

चूक नाही. उचलायला एका वेळी दोघे लागणे, रोज रात्री मारझोड किंवा घराबाहेर पळणे, न भरणाऱ्या जखमा, अशा अवस्थेत घर अपुरे पडते. फक्त एक खात्री आधी करून घ्यावी: अनेक वृद्धाश्रम स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात, आणि तुमची गरज नेमकी उलट असते. रात्री प्रत्यक्ष कोण जागे असते, नर्स आहे की नाही, तब्येत बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात, मराठी बोलणारे कुणी आहे का, हे विचारावे. एकदा सांगून आणि एकदा न सांगता, संध्याकाळी जेवणाच्या वेळी जाऊन यावे. जमल्यास कायमचे ठरवण्याआधी थोड्या दिवसांचा मुक्काम करून पाहावा आणि तोपर्यंत घरच्या बाईचा पगार चालू ठेवावा.